हृदय थांबल्याची वेळ

कॅम्पबेल बेच्या धावपट्टीपासून पोर्ट ब्लेअरच्या धावपट्टीपर्यंत सरळ रेषेत पाचशे तीस किलोमीटर. पोर्ट ब्लेअरचं सरकारी नाव बदलून बरीच वर्षं झाली होती, पण बेटावरची माणसं अजून जुनंच नाव घेत. मधे सगळा समुद्र, आणि जवळजवळ निम्म्या वाटेवर कार निकोबार. केतकी कणसेला हा आकडा लहानपणापासून पाठ होता. कॅम्पबेल बेमधलं प्रत्येक मोठं दुखणं एकतर तेवढं अंतर कापून बरं व्हायचं, नाहीतर वाटेत संपायचं.

तिचे आजोबा पलटणीतून निवृत्त होऊन साताऱ्याहून इथे आले ते १९७२ साली. सरकार माजी सैनिकांना या दक्षिण टोकाच्या बेटावर जमिनी देत होतं. आजोबांच्या काळात पोर्ट ब्लेअरला पोचायला बोटीला अडीच दिवस लागत. वडिलांच्या काळात हेलिकॉप्टर यायचं, आलं तर. केतकी नर्स होऊन बेटावरच्या आरोग्य केंद्रात रुजू झाली आणि काही वर्षांनी विजेवर उडणारं रुग्णविमान आलं. वारा नसला तर आता या अंतराला शहाण्णव मिनिटं लागत.

विमानापाठोपाठ दुसरं एक यंत्र आलं. त्याला कागदोपत्री लांबलचक नाव होतं. बेटावरची मराठी घरं त्याला गारठा म्हणायची, आणि पुढे सगळेच तसं म्हणू लागले.

हृदय बंद पडलं की मेंदूला चार-पाच मिनिटं मिळतात. पेशींना प्राणवायू लागतो, तो पोचत नाही, आणि त्या मरायला लागतात. पण पेशी पुरेशी थंड केली तर तिची भूकच मंदावते. गारठा हेच करायचा. खूप रक्त जाऊन ज्याचं हृदय थांबलं आहे अशा माणसाच्या जांघेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालायची, उरलंसुरलं रक्त काढून घ्यायचं आणि त्या जागी बर्फासारखं गार द्रावण झपाट्यानं भरायचं. मेंदू दहा अंशांवर आला की मरण जागच्या जागी थबकतं. माणूस जिवंत नसतो आणि मेलेलाही नसतो. मात्र ही मुदत एकशेपन्नास मिनिटांची. तेवढ्यात त्याला मोठ्या रुग्णालयातल्या हृदय-फुप्फुस यंत्राला जोडलं की शरीरात पुन्हा प्राणवायू खेळू लागतो, आणि मग सर्जनना फाटलेलं शिवायला सवड मिळते. एकशेपन्नासच्या पुढे गेलं की शरीर परत येतं, पण माणूस येईलच असं नाही.

ते कसं दिसतं हे बेटानं पाहिलं होतं. गणित शिकवणारे सुंदरम मास्तर एकशे एकसष्टाव्या मिनिटाला जोडले गेले होते. तेव्हा मुदत नीट कळलेली नव्हती. आता ते घरी खाटेवर पडून पंख्याकडे बघत असत. डोळे उघडे, मिटवले तर मिटलेले.

गेल्या भाऊबीजेला केतकीचा भाऊ रणधीर मास्तरांना बघून तिच्याकडे आला होता. ओवाळून झाल्यावर फराळाचं ताट तसंच ठेवून तो म्हणाला, "केतके, माझ्यावर अशी पाळी आली तर मला तसं आणू नकोस. जाऊ दे सरळ. तू तिथं असशील म्हणून तुला सांगतोय."

"सणासुदीचं काय बोलतोस दादा? आणि हे वहिनीला सांग की."

"तिला सांगितलं तर महिनाभर बोलायची नाही माझ्याशी. तुला सांगितलं, झालं."

रणधीर चव्वेचाळीस वर्षांचा होता. इंजिनाची होडी चालवायचा, जेटीवर सामान उतरवायचा, आणि बेटावर कुणाचंही लग्न असलं तरी आचाऱ्याच्या शेजारी उभा राहून मीठ चाखायचा.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी पावणेदोन वाजता त्याला फळीवर घालून आरोग्य केंद्रात आणलं. होडी बांधत असताना लाटेनं मालवाहू तराफा आत लोटला आणि तराफा आणि जेटीचं काँक्रीट यांच्या मधे रणधीर कमरेच्या वर चिरडला गेला. बाहेर जखम फारशी नव्हती. पोट मात्र फुगून कडक झालं होतं. आत यकृत फाटलं आहे हे केतकीला हात लावताच कळलं. बेटावरचे डॉक्टर त्या आठवड्यात रजेवर होते. केंद्रात ती आणि थंकम नावाची दुसरी नर्स, दोघीच.

"तुझ्या वहिनीला इतक्यात सांगू नको," रणधीर म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "घाबरंल ती."

"नाही सांगत. तू बोलू नकोस."

हे त्याचे शेवटचे धड शब्द. रक्त चढवलं, दुसरी पिशवी लावली, दाब खालीच येत राहिला. दोन वाजून दहा मिनिटांनी मॉनिटरवरची रेघ सपाट झाली. भिंतीवरच्या घड्याळाकडे केतकीनं बघितलं ते सवयीनं. मग तिनं चाकू घेतला आणि स्वतःच्या भावाच्या जांघेत छेद दिला.

गारठ्याचं घड्याळ आपोआप सुरू होत नसे. पंप कधी सुरू झाला याला महत्त्व नव्हतं, हृदय कधी थांबलं याला होतं, आणि ते माणसानं ठरवायचं असा नियम होता. पडद्यावर एक चौकोन येई : हृदय थांबल्याची वेळ. नर्सनं ती भरायची. केतकीचे हात कोपरापर्यंत रक्तानं भरले होते, नळी दोनदा सटकली, आणि चौकोन तसाच राहिला. मेंदूचं तापमान दहा अंशांवर आलं, थंकमनं झाकण ओढून घेतलं, तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. दोन वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

शेजारच्या पडद्यावर विमानाचा हिशेब आला होता. ईशान्येचा वारा समोरून होता. विमान हवेत पळतं आणि ती हवाच उलटी वाहते आहे, म्हणजे ताशी तीनशे तीसचा वेग जमिनीवरून बघितला तर दोनशे ऐंशीसुद्धा भरत नव्हता. शहाण्णव मिनिटांची एकशे चौदा झाली होती. त्यात बॅटरी पूर्ण भरायला वेळ, म्हणजे उड्डाण दोन चाळीसच्या आधी नाही. पोर्ट ब्लेअरला उतरणार चार चौतीसला. धावपट्टीपासून शस्त्रक्रियागृहातलं यंत्र बारा मिनिटांवर. चार सेहेचाळीस.

दोन दहापासून मोजलं तर एकशे छप्पन्न मिनिटं. विमान सुटलंच नसतं. अंदाज एकशेपन्नासच्या वर गेला की परवानगी देणारा संगणक लाल अक्षरात नकार देई आणि खाली लिहून येई की नातेवाइकांना कळवावे.

दोन एकवीसपासून मोजलं तर एकशे पंचेचाळीस.

केतकीनं दोन एकवीस भरलं.

थंकमनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग केतकीकडे. पडदा हिरवा झाला.

विमानात तिघंच : वैमानिक इग्नेशियस तिर्की, केतकी आणि गारठ्याच्या पेटीत रणधीर. शैलजावहिनी पोचायच्या आत विमान सुटलं होतं. शैलजा म्हणजे रणधीरची बायको. शाळेतून धावत आली तेव्हा तिला फक्त उत्तरेकडे लहान होत जाणारा ठिपका दिसला, असं थंकमनं नंतर सांगितलं.

केतकीनं पेटीच्या झाकणावर तळहात ठेवला होता. झाकण गार नव्हतं. सगळा गारठा आत होता. पेटीवरचं घड्याळ तिनं दिलेल्या वेळेपासून चाललं होतं, आणि ती डोक्यात त्यात अकरा मिळवत होती. प्रत्येक वेळी बघितलं की मिळवत होती. एकोणसत्तर म्हणजे ऐंशी. चौऱ्याहत्तर म्हणजे पंच्याऐंशी.

कार निकोबार खालून गेलं तेव्हा तीन अडतीस झाले होते. थोड्या वेळानं तिर्कीनं मान वळवली.

"सिस्टर, वारा वाढलाय. चार अडतीसला उतरू. यंत्रापर्यंत चार पन्नास. तुमच्या घड्याळानं एकशे एकोणपन्नास होतात. एक मिनिट राहतं."

म्हणजे एकशे साठ. तिला सुंदरम मास्तरांची बायको दिसली, मास्तरांच्या पापण्यांवर ओलं फडकं ठेवणारी.

"कॅप्टन, आणखी लवकर नाही जाता येणार?"

"कशाला? बसतोय की आपण घड्याळात."

ती उठून त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. विमान हलत होतं, म्हणून खुर्चीचा दांडा धरला.

"ते घड्याळ खोटं आहे. अकरा मिनिटं कमी दाखवतंय. मी वेळ उशिराची भरली."

"चुकून?"

"आधी चुकून. मग नाही."

तिर्कीनं बॅटरीचा आकडा बघितला. तो रांचीहून आलेल्या जंगल-मजुरांच्या चौथ्या पिढीतला. या मार्गावर त्यानं सहाशे फेऱ्या केल्या होत्या.

"खाली उतरतो," तो म्हणाला. "समुद्रालगत वारा घासला जातो, जोर कमी असतो. पण हवा दाट. बॅटरी जास्त खाणार. वीस टक्के राखून उतरायचा नियम आहे. आपण नऊ-दहावर उतरू. तेही वारा आणखी चढला नाही तर."

"आणि चढला तर?"

"तर मग तिघंही पाण्यात." त्यानं नाक खाली केलं. ढगांच्या खालून करडा समुद्र वर येऊ लागला, लाटांचे पांढरे शेंडे वेगळे दिसू लागले. "एक मात्र करायचं सिस्टर. पोर्ट ब्लेअरच्या डॉक्टरबाईंना हे तुम्ही सांगायचं. आत्ता. रक्त किती वेगानं गरम करायचं ते त्या याच घड्याळावरून ठरवतात. मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं."

हे तिला माहीत होतं. मिनिटं चुकीची असली तर रक्त चुकीच्या वेगानं गरम होतं आणि मेंदूला सूज येते. दीड तास ती हेच न आठवण्याचा प्रयत्न करत होती.

पोर्ट ब्लेअरहून डॉ. मैत्रेयी बिस्वास लाइनवर आल्या. केतकीनं दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडे कुणीतरी काहीतरी विचारत होतं, त्याला डॉक्टरांनी गप्प केल्याचं ऐकू आलं.

"खरी वेळ?"

"दोन दहा."

"खात्री?"

"मी घड्याळ बघितलं होतं."

"म्हणजे लवकरात लवकर जोडलं तरी एकशे पंचावन्नच्या आसपास." डॉक्टरांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच केतकीला जास्त भय वाटलं. "सिस्टर, एकशेपन्नासच्या आत दहातले आठ जण चालत घरी जातात. त्यापुढे एकशे साठपर्यंत दोन किंवा तीन. बाकीच्यांचं काय होतं ते—"

"माहीत आहे. आमच्याच बेटावर आहेत एक."

"मग हेही माहीत असेल की मुदत ओलांडल्यावर मी आपण होऊन जोडू शकत नाही. घरच्यांनी ठरवायचं. त्याआधी रुग्णाची इच्छा. त्यांनी काही सांगून ठेवलंय?"

"नोंद काही नाही."

"नोंद नाही विचारत मी. कधी बोलले होते?"

पेटीवर एक लहानसा हिरवा दिवा लुकलुकत होता. 'नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि ते खरं की खोटं हे जगात कुणालाही कधी कळलं नसतं. केतकीनं तोंड उघडलं. पण खोटं बोलायला जेवढं बळ लागतं तेवढं तिच्यात उरलं नव्हतं.

"बोलला होता," ती म्हणाली. "तसं आणू नका म्हणाला होता."

डॉक्टरांनी शैलजाला लाइनवर घेतलं. ती आरोग्य केंद्रात थंकमजवळ बसली होती. डॉक्टरांनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता : मिनिटं, दहातले किती, आणि नवऱ्याचं बोलणं.

"कधी म्हणाले?" शैलजानं विचारलं. हा प्रश्न डॉक्टरांना नव्हता.

"भाऊबीजेला, वहिनी."

"मला नाही म्हणाले."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"आणि तू दीड महिना पोटात ठेवलंस."

विमानाच्या पोटाखालून पाणी इतकं जवळून पळत होतं की त्याचा रंगही नीट कळत नव्हता. बॅटरीचा आकडा सव्वीसवर आला होता.

"मॅडम, मला दहा मिनिटांत सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

"दहा मिनिटं कशाला?" शैलजाचा आवाज फाटला. "आणा त्यांना. कसेही आणा. डोळे उघडे ठेवून पडले तरी चालतील, मी करीन सगळं. माणूस धडधाकट असताना काहीही बोलतो हो. आत्ता कुठं त्यांना विचारलंय कुणी?"

विमान चार बत्तीसला टेकलं. बॅटरी आठ टक्के होती. तिर्कीच्या शर्टाची पाठ घामानं भिजून काळी झाली होती. तो खुर्चीतून उठला नाही, फक्त हात वर करून 'जा' अशी खूण केली. चार चव्वेचाळीसला रणधीरला यंत्राला जोडलं. एकशे त्रेचाळीस नव्हे, एकशे चौपन्न मिनिटं. कागदावर हा आकडा केतकीनं स्वतःच्या हातानं लिहिला.

यकृत शिवायला चार तास लागले. हृदय पहिल्याच झटक्यात सुरू झालं. त्यानंतर एकोणीस दिवस रणधीर हलला नाही. शैलजा बोटीनं पोचली होती. दोघी त्याच्या खाटेच्या दोन बाजूंना बसत, एकमेकींना डबा देत, आणि लागेल तेवढंच बोलत. विसाव्या दिवशी त्यानं डोळे उघडले आणि शैलजाकडे बघून रडायला लागला. म्हणजे ओळखत होता. उजवं अंग गेलं होतं. शब्द गेले होते. चमचा म्हणजे काय हे त्याला कळे, पण चमच्याला काय म्हणतात ते सापडत नसे, आणि शोधता शोधता तो डाव्या मुठीनं गादी कुटत राही. सुंदरम मास्तरांसारखा तो झाला नव्हता. मास्तरांना आपण काय हरवलं ते कळत नव्हतं. याला कळत होतं.

चौकशीत केतकीनं काही लपवलं नाही. दोन वर्षांसाठी तिचा परवाना गेला. तिर्कीला तीन महिने विमानाला हात लावू दिला नाही. फेब्रुवारीत गारठ्याला नवा सुटा भाग बसवला गेला. आता हृदय थांबलं की घड्याळ स्वतःच सुरू होई आणि त्यात कुणाला काही भरता येत नसे.

मार्चच्या सुरुवातीला, ईशान्येचा वारा अजून मोडायचा होता तेव्हा, एका कोळ्याला पोटात लोखंडी गज घुसलेल्या अवस्थेत आणलं. अंदाज एकशे त्रेपन्नचा निघाला. पडदा लाल झाला. विमान धावपट्टीवर उभं होतं आणि तो माणूस आरोग्य केंद्रातच दगावला. आठ दिवसांनी त्याची बायको केतकीला भाजी घेताना भेटली. वासंती तिचं नाव. भांडायला आली नव्हती. हातातली पिशवी खाली ठेवून तिनं विचारलं, "तुझ्या भावासाठी ते घड्याळ थांबलं. माझ्या माणसासाठी का नाही थांबलं?"

लोक बघत होते. केतकी म्हणाली, "मी थांबवलं होतं. आता कुणालाच थांबवता येत नाही."

"तुझ्यामुळे?"

"हो. माझ्यामुळे."

वासंतीनं पिशवी उचलली आणि गेली. केतकी भाजी न घेताच घरी आली, आणि त्या दिवसापासून तिनं त्या बाजूचा बाजार सोडला.

भावाच्या घरी मात्र ती रोज सकाळी जात राहिली. त्याला अंघोळ घालायला दोन माणसं लागत. शैलजा पाणी ओती, केतकी धरे. एका सकाळी त्याला बाहेर ओट्यावर खाटेवर बसवून दोघी आत कपडे पिळत होत्या. शैलजा एकदम म्हणाली, "मिनिटांचं तू लपवलंस, त्याचं मला काही वाटत नाही. मी असते तर मीही लपवलं असतं. पण ते काय म्हणाले होते ते तू सांगायला नको होतंस."

"डॉक्टरांनी विचारलं, वहिनी."

"विचारू दे की. तू सांगितलंस, आणि मग ठरवायला मी. आता ते गादी कुटायला लागले की मला वाटतं, माझ्यावरच हात उगारताहेत. मी त्यांचं ऐकलं नाही. तू नसतं सांगितलंस तर मी बिनघोर केलं असतं सगळं. आयुष्यभर केलं असतं." तिनं पिळलेलं धोतर झटकून तारेवर टाकलं. "करतेच आहे म्हणा."

केतकी तशीच ओल्या हातांनी बाहेर आली. ऑगस्ट होता, नैर्ऋत्येचा वारा सुपारीच्या झाडांना एका अंगाला दाबत होता. रणधीर समुद्राकडे तोंड करून बसला होता. एव्हाना त्याला पंधरा-वीस शब्द सापडले होते. पाणी, हो, नको, शैला, दुखतं, आणि असेच काही.

ती त्याच्यासमोर उभी राहिली. आठ महिने हा प्रश्न तिनं रोज सोबत आणला होता आणि रोज परत नेला होता. त्यानं 'नाही' म्हणावं म्हणून ती किती आसुसली होती ते तिचं तिलाच ठाऊक.

"दादा, तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. माझं चुकलं का रे?"

त्याला प्रश्न कळला. कळल्याचं त्याच्या डोळ्यांत दिसलं. उत्तर शोधायला त्याला नेहमीसारखा वेळ लागला नाही.

"हो," तो म्हणाला. अगदी स्वच्छ.

केतकीनं मान हलवली. ओले हात पदराला पुसले आणि पायऱ्या उतरून जायला वळली. मागून खाटेवर थाप ऐकू आली. रणधीर डाव्या हातानं आपल्या शेजारची जागा थोपटत होता. चेहरा वाकडा झाला होता, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, शब्द जवळ येऊन निसटत होता.

"बस," तो म्हणाला.

ती त्याच्याजवळ जाऊन बसली.